वाटीचा तळ

"सर्व गरोदर मातांना नमस्कार. आज बाळाची हालचाल जाणवली का?"

एवढं टाइप करून मी ग्रुपवर पाठवलं आणि चहाचा कप उचलला. पहिला घोट घेते न घेते तोच उत्तर आलं.

"होय मॅडम. हालचाल चांगली आहे. आपला, पिराजी ज्ञानू शिरतोडे, मु. पो. पळसखिंड."

पाठोपाठ एक गुलाबाचं फूल आलं. मग 'जय हनुमान' आलं. गुवाहाटीहून कुणीतरी कळवलं की सध्या दुकानात गिऱ्हाईक आहे, हालचालीचं घरी फोन करून संध्याकाळी सांगतो. एकानं हा ग्रुप नक्की कशाचा आहे म्हणून विचारलं, आणि दुसऱ्यानं त्याला उत्तर म्हणून विकायला काढलेल्या ट्रॅक्टरचा फोटो टाकला. मी वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचून काढली. 'आपलं बाळ' नावाच्या त्या ग्रुपमध्ये दाढीमिशांचे फोटो तेवढे होते. बाई म्हणावी अशी मी एकटीच.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची. आमच्या तालुक्याच्या गावी एक धर्मादाय हॉस्पिटल आहे, तिथल्या समाजसेवा विभागात मी होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि किल्ली हरवलेलं एक कपाट. त्या वर्षी विश्वस्तांच्या मनानं घेतलं की आता जमाना सोशल मीडियाचा आहे, आपणही मागे राहता कामा नये. त्यांच्या भाच्यानं हॉस्पिटलचं फेसबुक पान काढलं. त्यावर विश्वस्तांचे हार घातलेले फोटो झळकायचे आणि त्यांना विश्वस्तांचेच नातेवाईक अंगठे दाखवायचे. पेशंटांचा त्या पानाशी काही संबंध नव्हता. मी म्हटलं, त्यापेक्षा गरोदर बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढते. नोंदणीच्या खिडकीवरून नंबर घेतले आणि सगळ्यांना एका झटक्यात आत घेतलं.

घोळ झाला तो तिथेच. खिडकीवर नाव विचारलं की बाई आपलं नाव सांगते, वय आपलं सांगते, आणि फोन नंबर विचारला की घरातल्या बाप्याचा सांगते. तिच्याकडे फोन असतोच कुठे! त्यातून आमचा खानापूर-आटपाडीकडचा मुलूख गलाईवाल्यांचा. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा हा धंदा, आणि त्यापायी इथले गडी कोइमतूर, कोलकाता, गुवाहाटी असे देशभर पांगलेले. त्यामुळे पोट पळसखिंडीत आणि नंबर कोइमतूरचा, असा प्रकार. नवरा नसेल तिथे दीर, दीर नसेल तिथे सासरा.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर नसीम मुजावर. हात सोन्याचा आणि जीभ तिखट. त्यांना मी ग्रुप दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"साळुंखे, हा बाळंतिणींचा ग्रुप आहे की ग्रामपंचायत?"

बायकांच्या नाजूक गोष्टी असल्या चव्हाट्यावर नकोत, महिन्याच्या बैठकीपर्यंत हे गुंडाळा, असं त्यांनी बजावलं. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी एकेका दाढीमिशीला ग्रुपमधून काढायला बसले. शिरतोडेंचा नंबर काढणार, तोच ते स्वतःच समोर उभे राहिले.

उंच, काटक म्हातारा. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात फोन आणि फोनला लाल दोरा. मागे दोन पावलं सोडून त्यांची सून, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. तपासणीला आणलं होतं तिला. वैजयंता तिचं नाव, सातवा नुकता लागलेला. नवरा दिगंबर कोइमतूरला. सुनेला आत पाठवून पिराजीनाना माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकले. नंबर ग्रुपमधून काढते आहे असं मी त्यांना सांगितलं, कारणही सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मला काढू नगा मॅडम," ते म्हणाले.

"नाना, हा बायकांचा ग्रुप आहे."

"ठावं हाय. पर आमच्या घरात बाईमाणूस न्हाय. कारभारीण जाऊन सा वर्सं झाली. घरात मी आन सून, दोघंच." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मागल्या बारीला आठव्या म्हैन्यात पोर गेलं. पोटातच. आदी दोन-तीन दिवस ते गप हुतं. तिला कळत हुतं, पर सांगती कुणाला? मी वसरीवर तंबाखू मळत बसल्यालो. तिला मला सांगायची लाज, मला तिला इचारायची लाज. लाजंपायी गेलं बगा पोर."

मी हातातला फोन टेबलावर ठेवला. 

"आता तुम्ही रोज त्यात इचारता, पोर हललं का. टेकडीव रेंजमदी ते वाचतो, आन घरला आलो की मी खाकरतो आन भिताडाकडं बगून मोठ्यानं वाचून दावतो. ती आतनं म्हनती, हूं. तेवढं तरी हुतंय. ऱ्हाऊ द्या मला."

शिरतोडे सासरा-सुनेत सहा वर्षांत खाकरण्यापलीकडे संभाषण झालं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. तो घरात यायच्या आधी खाकरायचा, ती ताट ठेवून भांड्याचा आवाज करायची. त्यात भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. दोघं एकमेकांना जपायचे, फक्त बोलायचे नाहीत.

वैजयंता तपासून बाहेर आली. तिला मी बाजूच्या खोलीत नेलं आणि नेहमीचं समजावलं. दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, बाळाच्या हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा तरी झाल्या पाहिजेत. कमी वाटल्या तर उद्यावर ढकलायचं नाही, तडक यायचं. तिनं मान हलवली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मोजीन मी. पर सांगू कशी?"

"नानांना सांग."

ती नुसती हसली. असं हसणं मला ओळखू येतं. थोडा वेळ तिनं टेबलावरच्या पेनाच्या झाकणाशी खेळ केला आणि तिचं तिलाच काहीतरी सुचलं.

"घरात तुपाची वाटी हाय बारकी. प्वार हललं की त्यात एक हरभरा टाकीन. वाटी वसरीच्या कोनाड्यात ठिवीन. त्यास्नी दिसंल."

दहा हरभऱ्यांनी तुपाच्या वाटीचा तळ बरोबर झाकला जातो, हे तिनं घरी जाऊन करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या वेळी ग्रुपवर एक फोटो आला. पितळी वाटी, वाटीत हरभरे. खाली लिहिलं होतं, "तळ झाकला. आपला, पिराजी ज्ञानू शिरतोडे, मु. पो. पळसखिंड." मी बाकीच्यांना काढायचं काम तिथेच थांबवलं.

पळसखिंडीत त्या काळी रेंज नव्हती. ती यायची फक्त टेकडीवरच्या बिरोबाच्या पारावर. आता शहाण्या माणसानं घरी फोटो काढावा आणि पारावर जाऊन पाठवावा. पण फोटो रेंजमध्येच काढावा लागतो, नाहीतर तो जात नाही, अशी नानांची पक्की समजूत होती. मी एकदा त्यांना समजावायला गेले, तर तीस वर्षं कोइमतूरला काढलेल्या माणसाला शिकवता होय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यामुळे रोज दुपार उलटली की नाना वाटीवर रुमाल झाकून, ती दोन्ही हातांत धरून टेकडी चढायचे. वाटेत कुणी विचारायचं, नाना, नैवेद्य का? नाना म्हणायचे, व्हय, नैवेद्यच.

पारावर फोटो निघायचा आणि वाटी तशीच खाली यायची. ते हरभरे मात्र परत डब्यात जायचे नाहीत. गलाईवाल्याची ती खोड. त्यांच्या धंद्यात दुकानाचा केरसुद्धा टाकून देत नाहीत, त्या मातीतूनही सोन्याचा कण निघतो. एकदा मोजून घेतलेला माल पुन्हा ढिगात मिसळायचा नाही, असं म्हणून नाना ते दाणे एका चिनी मातीच्या बरणीत वेगळे ठेवायचे.

इकडे ग्रुपवर गंमत सुरू झाली. नानांची वाटी पाहून आधी एका सासऱ्यानं विचारलं की शेंगदाणे चालतील का. मी म्हटलं, चालतील. मग चिंचोके आले, वाल आले, एका घरून तर सागरगोटे आले. कोलकात्याचा एक नवरा रोज बायकोला फोन करून विचारायचा आणि दुकानातल्याच तराजूच्या ताटलीत तितके तांदळाचे दाणे ठेवून फोटो टाकायचा. 'तळ झाकला' हा त्या ग्रुपचा रामराम झाला. सकाळची गुलाबं हळूहळू बंद पडली आणि ट्रॅक्टर कुणीतरी घेतला असावा. ज्यांनी जन्मात बायकोच्या पोटाचा विषय काढला नव्हता ते गडी आता पायावर सूज आली तर काय, लोहाच्या गोळीनं मळमळ होते तर काय, असं विचारू लागले. मी मुजावर मॅडमना विचारून उत्तरं लिहायची. कुणासाठी विचारते हे मी त्यांना सांगत नव्हते, आणि त्याही विचारत नव्हत्या.

त्यांतला एक सर्जेराव पिसाळ. पळसखिंडीच्या घाटात वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन उतारू भरायची, जीप चालवायचा. त्याची बायको सुखरूप बाळंत होऊन महिना झाला तरी गडी ग्रुप सोडायला तयार नव्हता. म्हणायचा, सवय लागली मॅडम, नानांची वाटी बघितल्याशिवाय च्या गोड लागत न्हाय.

गणपती दोन दिवसांवर आले होते. वैजयंताला नववा लागला होता. मागच्या महिन्यात टळलेली महिन्याची बैठक त्या दुपारी बसली. विश्वस्त दौऱ्यावर होते, म्हणून मुजावर मॅडमच्याच खोलीत, मॅडम, मी आणि हेडसिस्टर. फेसबुक पानाचं कौतुक दोन मिनिटांत आटोपलं आणि माझा विषय निघाला. मॅडमनी मला अजून ग्रुप चालू असल्याबद्दल फैलावर घेतलं. पेशंटची माहिती म्हणजे गावजेवण नव्हे, उद्या कुणाचं काय बाहेर गेलं तर जबाबदार कोण, वगैरे. बोलत होत्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी मान खाली घालून ऐकत होते, आणि माझ्या मांडीवर फोन थरथरला.

वाटी होती. पितळी वाटी, पाराचा दगड. वाटीत तीन हरभरे.

खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. आपला नाही, पिराजी नाही, पळसखिंड नाही. रोज पूर्ण पत्ता लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी एक अक्षर सुचलं नव्हतं.  मी उठून फोन मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय आहे?"

"हरभरे."

"ते दिसतंय मला."

"पोटातलं बाळ हललं की एक टाकतात. रोज तळ झाकतो. दहा असतात. मागच्या खेपेला आठव्यात पोटातच गेलं होतं."

मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. फोटो त्यांनी फार वेळ पाहिला नाही. मग एका दमात विचारलं, कितवा महिना, कुठलं गाव, गाडी आहे का. पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती. तिसऱ्याचं नव्हतं. ते फोननंच दिलं.

"नाना, खाली उतरा. निघालो. सर्जेराव."

मी फोन परत हातात घेतला, आणि मग त्या ग्रुपवर जे सुरू झालं ते वाचताना वर मान केली नाही. वाटी सुरू झाल्यावर नानांनी दिगंबरलाही ग्रुपमध्ये घ्यायला लावलं होतं; त्यानं कोइमतूरहून नुसतं "मॅडम?" एवढंच लिहिलं होतं. त्याला गुवाहाटीच्या माणसानं लिहिलं, धीर धर, सर्जा निघालाय. कुणी विचारलं, रक्त लागेल का. कुणी लिहिलं, माझा भाऊ बाजारात आहे, त्याला हॉस्पिटलात पाठवतो. त्या गर्दीत तिचं नाव कुणीही लिहिलं नाही, आजार लिहिला नाही. 'पळसखिंडीची वाटी' एवढंच सगळे म्हणत होते, आणि कळायचं त्याला सगळं कळत होतं. मॅडम माझ्या खांद्यावरून ते वाचत होत्या हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"सिस्टर, टेबल तयार ठेवा," त्या म्हणाल्या आणि बैठक संपली.

जीप आली ती भरलेली. सर्जेरावाच्या गाडीत बाजाराला निघालेल्या बायका होत्या, त्यांना उतरवण्यात वेळ घालवण्यापेक्षा तो त्यांना सगळ्यांना घेऊनच पळसखिंडीत शिरला होता. त्यांनी वैजयंताला मधे आडवं घेतलं, कुणी डोकं मांडीवर घेतलं, कुणी पाय, आणि घाटभर तिच्याशी बोलत राहिल्या. हॉस्पिटलच्या दारात आधी दोन कोंबड्या उतरल्या, मग मेथीच्या जुड्या, मग वैजयंता. सगळ्यांत शेवटी नाना. त्यांच्या हातात रुमाल झाकलेली वाटी होती. धावपळीत ती ठेवायला त्यांना जागाच सुचली नव्हती.

मॅडमनी पोटावर पट्टा लावून बाळाचे ठोके घेतले. ठोके होते. मधूनच घसरत होते, पण होते. पोटातलं पाणी कमी झालं होतं. आता थांबण्यात अर्थ नाही, लगेच सिझेरियनला घेऊ या, असं त्यांनी ठरवलं. कागदावर सही हवी होती. सही करायला नाना खोलीच्या दाराशी आले आणि सवयीनं खाकरले.

वैजयंता स्ट्रेचरवर होती. तिनं पदर पुढे ओढला नाही. सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"नाना, आत या," ती म्हणाली. "वाटी आणलीसा का?"

"आणलीया."

"सकाळधरनं कमी वाटत हुतं. जेवण झाल्यावर पडून बगितलं, तरी तीनच झालं. जादा टाकावं असं मनात आलं हुतं, तुमच्या जिवाला घोर नगो म्हणून." तिनं वाटीकडे हात केला. "न्हाई टाकलं. खरं हुतं तेवढंच टाकलं."

"शानी माजी बाय," नाना म्हणाले. सहा वर्षांत ते तिच्याशी तोंडावर बोलले ते एवढंच, आणि तेवढ्यानं त्यांचे डोळे भरून आले. तिला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर नाना, सर्जेराव, मी, आणि मेथी घेऊन बसलेल्या त्या बायका. बाजार बुडाला तरी एकही उठली नाही. रक्त द्यायला म्हणून तीन अनोळखी तरुण येऊन उभे राहिले होते, त्यांना मी चहा पाजला. नाना वाटीवरचा रुमाल काढायचे, तीन दाणे पाहायचे आणि पुन्हा झाकायचे. 

आणि मग आतून आवाज आला. असा खणखणीत, तक्रार करणारा, तालुका डोक्यावर घेणारा आवाज की बाकावरच्या सगळ्या जणी एकदम हसल्या आणि एकदमच रडल्या. त्या बाजूला सर्जेरावानं भिंतीला डोकं टेकलं. हेडसिस्टर कापडात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, नाना, नात झाली, आईपण ठीक आहे.

नाना जवळ गेले. हात लावायचं त्यांना धाडस होईना. गुंडाळलेल्या कापडातून एक इवलासा पाय बाहेर निसटला आणि त्यानं हवेत एक सणसणीत लाथ मारली. नाना दचकून मागे सरले. मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. दुपारी घरातून निघताना त्यांनी खिशात मूठभर हरभरे टाकले होते. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यातला एक त्यांनी काढला आणि वाटीत टाकला. टण असा आवाज आला.

"ही माज्या डोळ्यांदेखत," नाना म्हणाले.

पोरीनं दुसरी लाथ मारली. नानांनी दुसरा दाणा टाकला. मग तिसरी, चौथी. सिस्टरनं पाय कापडात घालायचा प्रयत्न केला, तर बाकावरच्या बायका म्हणाल्या, राहू द्या वो बाई, तळ झाकू द्या की. तळ झाकला तेव्हा अख्खा व्हरांडा मोजत होता. फोटो मी काढला, कारण नानांच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्यात उरलेले हरभरे. खाली लिहिलं, "तळ झाकला. मुलगी. दोघी सुखरूप." पुढचा तासभर माझा फोन गप्प बसला नाही. दिगंबरनं काही लिहिलंच नाही. त्यानं कोइमतूरच्या दुकानातल्या भट्टीपुढे उभं राहून हात जोडलेला फोटो पाठवला, त्यात त्याचे गाल ओले होते.

मुजावर मॅडम हात पुसत बाहेर आल्या. आणखी अर्धा दिवस गेला असता तर कठीण होतं, एवढं त्यांनी मला हळूच सांगितलं. मग माझ्या फोनकडे पाहिलं.

"मला त्या ग्रामपंचायतीत घ्या," त्या म्हणाल्या. "आणि सूज आणि मळमळीची उत्तरं यापुढे मी देईन. तुमचं शुद्धलेखन बरं आहे, पण डोस चुकेल एखाद्या दिवशी."

बारसं अनंत चतुर्दशी झाल्यावर पळसखिंडीत झालं. नाव ग्रुपनं सुचवायचं ठरलं आणि भांडणं होता होता वाचली. शेवटी नानांनी आपल्या तीस वर्षांच्या तामिळ मुलखाची आठवण म्हणून मीनाक्षी ठेवलं. पानाफुलांनी सजवलेला पाळणा होता, गाणी झाली, आणि रिवाजाप्रमाणे घुगऱ्या वाटल्या. उकडलेल्या हरभऱ्यांचा तो द्रोण नाना स्वतः एकेकाच्या हातात देत होते. मुजावर मॅडमच्या हातात दिला तेव्हा म्हणाले, "खावा डॉक्टरीनबाई. बाजारचं न्हाईत. माज्या नातीच्या लाथा हायत."

मग माझ्या ध्यानात आलं. बरणीतले दाणे होते ते. दोन महिने रोज टेकडी चढून उतरलेले, एकेक लाथ मोजून ठेवलेले. मॅडम घास तोंडात धरून क्षणभर थांबल्या. नंतर दोन द्रोण मागून घेतले.

निघताना मी नानांना विचारलं, बरणी रिकामी झाली का. त्यांनी इकडेतिकडे पाहून खिशातला रुमाल काढला. त्याच्या कोपऱ्याला गाठ होती. गाठीत तीन हरभरे.

"हे त्या दिवशीचे?"

"व्हय. हे शिजवायचं न्हाईत. ह्यांनी सांगावा आणला."

पुढे दसरा झाल्यावर त्यांनी ते तीन दाणे घराच्या मागच्या दारी, मोरीच्या पाण्यालगत पेरले. तिन्ही उगवले, आणि दर वर्षी आलेलं पीक नाना पुन्हा पेरत गेले. तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास नाना हॉस्पिटलात आले ते खांद्यावर हरभऱ्याचं लहानसं पोतं घेऊन. म्हणाले, ज्यांच्या घरात बाईमाणूस नाही त्यांना द्या. आम्ही ते सगळ्यांनाच देतो. नोंदणीच्या खिडकीवर आजही नाव, वय, नंबर विचारतात, आणि वर एक लहान वाटी आणि मूठभर हरभरा हातावर ठेवतात. नंबर आता बहुतेकींचे स्वतःचे असतात. तरी वाटी कुणी नाकारत नाही. माझ्या जागी आता दुसरी मुलगी आहे. ग्रुपची संख्या मोजायचं आम्ही सोडून दिलं. विश्वस्तांचा भाचा फेसबुकवर आता हारांऐवजी वाट्या टाकतो.

गेल्या होळीला मी सहज तिथे गेले होते. नाना आता वाकलेत. पोतं मीनाक्षीनं आणलं होतं, दोन वेण्या, पायात खो-खोचे बूट. तिनंच खिडकीशी उभं राहून दाणे वाटायचा हट्ट धरला होता. एका नवख्या पोरीनं पदर सावरत तिला विचारलं, हे कशाला गं?

"पोटातलं हललं की एक टाकायचा," मीनाक्षी म्हणाली. "तळ झाकला न्हाई तर लाजायचं न्हाई. सांगायचं."

"आन फोटू काढून पाठवायचा," बाकावरून नाना म्हणाले. "रेंजमदीच काढा म्हणावं."